घरगुती स्वच्छताद्रव्ये आणि पायाखालची माती

मातीची भारवहन क्षमता, पार्यता व आकार्यता हे तिचे अभियांत्रिकी गुणधर्म केवळ कणांच्या आकारावर ठरत नाहीत. कणांमधील पाण्यात कोणते क्षार विरघळले आहेत, यावरही ते अवलंबून असतात. त्यामुळे मोरीतून वाहणारे साबणाचे पाणी हा स्थापत्यशास्त्राचाही विषय ठरतो.

चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असतो. कॅल्शियममुळे हे कण एकत्र राहतात. धुण्याच्या पावडरीतील सोडियमने कॅल्शियमची जागा घेतली, की ते विलग होऊ लागतात. मृदा-प्रयोगशाळेत हाच परिणाम हेतुपुरस्सर घडवला जातो. कणांचे आकारमान मोजण्यापूर्वी गुठळ्या फोडण्यासाठी भारतीय मानक 2720 नुसार 33 ग्रॅम सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट व 7 ग्रॅम सोडियम कार्बोनेट यांचे एक लिटर द्रावण तयार करतात. यातील सोडियम कार्बोनेट म्हणजेच धुण्याचा सोडा.

विलग झालेले कण मातीच्या छिद्रांत अडकतात, पार्यता घटते आणि शोषखड्डा तुंबतो. साचलेले पाणी पायाकडे झिरपले, की तेथील मातीचे कर्तनबल कमी होते. शिवाय अपमार्जके पाण्याचा पृष्ठताण उतरवतात; त्यामुळे दमट मातीला केशाकर्षणाने लाभलेला घट्टपणा सैलावतो. संडास स्वच्छ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल चुन्याचे बंध विरघळवते, तर नळी मोकळी करण्याचा कॉस्टिक सोडा तीव्र स्वरूपात दीर्घकाळ मुरल्यास केओलिनयुक्त मातीही फुगू शकते.

गोव्यातील जांभा लोह व ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांनी सांधलेला असल्याने तुलनेने टिकाऊ आहे. मात्र त्याच्या थराखाली अनेक ठिकाणी आढळणारी पांढुरकी, मऊ माती पाण्याने संपृक्त होताच बळ गमावते. पावसाळ्यात भूजल वर येते, तेव्हा हा धोका वाढतो.

एका घराच्या विरळ सांडपाण्याने इमारत खचत नाही. तीव्र द्रव्ये वर्षानुवर्षे भिंतीलगत एकाच जागी मुरणे, हे खरे संकट होय. भारतीय मानक 2470 नुसार शोषखड्डा राहत्या घरापासून किमान 6 मीटर आणि विहिरीपासून किमान 18 मीटर दूर असावा. जोत्यालगत सतत ओल दिसत असेल, तर गिलाव्याची डागडुजी करण्यापूर्वी सांडपाणी कोठे मुरते, हे तपासणे अधिक श्रेयस्कर.