आम्लजनक आणि प्राणवायू

गंधक, फॉस्फरस जाळले आणि जे तयार झाले ते पाण्यात मिसळले, की आम्ल मिळते. यावरून लाव्हाझिएने ठरवले की प्रत्येक आम्लात ज्वलनाला लागणारा तो वायू असलाच पाहिजे. १७७७ च्या सुमारास त्याने ग्रीक शब्द जोडून नाव केले: आम्ल जन्माला घालणारा, ऑक्सिजन. १८१० मध्ये हम्फ्री डेव्हीने दाखवले की मिठापासून मिळणाऱ्या आम्लात फक्त हायड्रोजन आणि क्लोरीन आहे. ऑक्सिजनचा त्यात अंशही नाही. तोवर उशीर झाला होता. जर्मनांनी ‘झाउअरश्टोफ’ म्हणजे आंबट द्रव्य केले होते, रशियनांचे ‘किस्लरोद’ही त्याच वळणाचे. डच ग्रंथांवरून रसायनशास्त्र जपानीत आणणाऱ्या उदागावा योआनने ‘सान्सो’ घडवला, त्यातला ‘सान’ म्हणजे आंबट. म्हणजे चूक उघड झाल्यावरही तिचे भाषांतर चालूच होते, आणि तेही फार निष्ठेने!

आपल्याकडे बंगालीत ‘अम्लजान’, कन्नडमध्ये ‘आम्लजनक’. मराठीने मात्र ग्रीक शब्द बाजूला ठेवून वायूचे काम पाहिले. तमिळ ‘उयिर्वळी’ आणि चिनी ‘यांग’ (मुळात पोषण करणारा) हे आपले सगोत्र. पण आपला ‘प्राणवायू’ही उसना, आयुर्वेदातल्या प्राण, अपान, व्यान, उदान, समान या पंचकातला, तिथे तो शरीरात संचार करणारी शक्ती आहे, बाटलीत भरता येणारा वायू नव्हे. शिवाय धनुर्वाताच्या जंतूंना हाच प्राणवायू मारक ठरतो.