खडक आणि डोह

परदेशी गेलेला मराठी माणूस आधी किल्ला शोधतो. तट, बुरूज, निदान एखादा पडका दरवाजा दिसल्याशिवाय इतिहास पाहिल्याचे समाधान त्याला लाभत नाही. मीही त्याला अपवाद नाही. म्हणून आइसलंडमधल्या थिंगवेट्लिरला गाडीतून उतरल्याबरोबर मी चालकाला विचारले, "जुनी इमारत कोणत्या बाजूला?" तो हसला आणि हात पसरून त्याने समोरची अख्खी दरी दाखवली. "तेव्हा इमारत नव्हतीच," तो म्हणाला.

"बरे झाले, आज पायऱ्या चढायला नकोत!" आमच्या सौभाग्यवतींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

रेक्याविक या राजधानीपासून हे ठिकाण सुमारे ४५ किलोमीटर दूर आहे. वाटेत दोन्ही बाजूंना थिजलेला काळा लाव्हा आणि त्यावर मऊ, करड्या-हिरव्या शेवाळाची घोंगडी पसरलेली. मग एकाएकी जमीन दुभंगते. एका बाजूस उंच, काळा, सरळ तासलेला कडा, खाली हिरवे मैदान, त्यातून वाहणारी नदी आणि पुढे आरशासारखे विस्तीर्ण सरोवर. अमेरिकेचे आणि युरोपचे भूकवच येथे एकमेकांपासून दूर सरकत आहे, वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर. भांडलेल्या भावांनी वाटणी करून घ्यावी, पण घाई मात्र करू नये, तसा हा प्रकार!

याच भेगेच्या काठी इ. स. ९३० मध्ये एक सभा भरली. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेहून समुद्र ओलांडून आलेल्या लोकांनी येथे वस्ती केली होती. त्यांनी राजा केला नाही. सभा मात्र केली. तिचे नाव अल्थिंगी. दर उन्हाळ्यात सुमारे दोन आठवडे गावोगावचे लोक घोड्यांवरून येत, दगडामातीच्या भिंतींवर कापड ताणून राहुट्या उभारीत, तंटे सोडवीत, सोयरिकी जुळवीत. आपल्याकडची गोतसभा आणि जत्रा एकाच मांडवात भरावी, तसे ते दृश्य असले पाहिजे.

या सभेचा एकच खरा अधिकारी होता. त्याला 'कायदा सांगणारा' म्हणत. कायदा लिहिलेला नव्हता. तो या माणसाला तोंडपाठ असे. तीन वर्षांसाठी त्याची निवड होई आणि दरवर्षी एक तृतीयांश कायदा तो सर्वांसमक्ष म्हणून दाखवी. ज्या खडकावरून तो बोले, तो 'कायद्याचा खडक'. तो जेथे असावा असे मानतात, तेथे आज ध्वजस्तंभ आहे. वेदपाठाची परंपरा असलेल्या आपल्या लोकांना पाठांतराचे नवल नाही. पण राज्याचा सारा कारभार एका माणसाच्या स्मरणावर सोपवायचा, ही कल्पना मला त्या वाऱ्यात उभे राहूनही ऊब देऊन गेली. हा कायदा लेखणीखाली येऊ लागला तो १११७-१८ च्या हिवाळ्यात.

इ. स. १००० च्या सुमारास या खडकाची मोठी परीक्षा झाली. निम्मे लोक जुन्या देवांचे, निम्मे ख्रिस्ताचे, आणि तलवारी उपसल्या जाण्याच्या बेतात. निवाडा थोरगेइर नावाच्या कायदा सांगणाऱ्यावर सोपवला गेला. तो स्वतः जुन्या देवांचा भक्त. आरी थोरगिल्सन या बाराव्या शतकातल्या इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की, थोरगेइर अंगावर पांघरूण घेऊन दिवसभर आणि पुढची रात्रभर एक शब्द न बोलता पडून राहिला. मग खडकावर येऊन त्याने सांगितले, कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल, तेव्हा सर्वांनी ख्रिस्ती व्हावे. घरात गुप्तपणे कोणी जुन्या देवांना नैवेद्य दाखवला तर त्याला मात्र काही काळ मुभा राहिली. स्वतःच्या देवांविरुद्ध निकाल देणारा न्यायाधीश इतिहासात किती वेळा भेटतो?

हे सारे मी पत्नीला मोठ्या उत्साहाने सांगत होतो आणि ती कधीच पुढे निघून गेली होती. नदीवरच्या छोट्या पुलापाशी ती थांबली होती. खाली काळेशार, खोल पाणी. बाजूला एक फलक. "हे वाचलेत का?" तिने विचारले.

तो बुडवण्याचा डोह होता. १२६२-६४ मध्ये आइसलंडने नॉर्वेच्या राजाचे स्वामित्व मान्य केले, पुढे डेन्मार्कचे राज्य आले, पण सभा भरतच राहिली. १५६४ मध्ये याच सभेने अनीतीच्या गुन्ह्यांसाठी एक कठोर कायदा संमत केला आणि पुढच्या वर्षी डेन्मार्कच्या राजाने त्यावर मोहोर उठवली. त्याखाली दोषी ठरलेल्या पुरुषाचे डोके उडवीत आणि बाईला या डोहात बुडवीत. येथे बुडवलेल्या १८ स्त्रियांची नोंद मिळते. स्वतंत्र सभेच्या काळात सर्वांत कडक शिक्षा होती समाजातून हाकलून देण्याची. तीही जीवघेणीच, कारण अशा माणसाला कोणीही मारावे. पण निदान तो पळू शकत असे.

खडकापासून डोह चार पावलांवर. मघापासून मी ज्या सभेचे पोवाडे गात होतो, तिनेच हेही केले होते. परक्या राजाच्या माथी सगळा दोष मारून मोकळे होण्याची सोय नव्हती.

१८०० मध्ये सभा बंद पडली, १८४५ मध्ये रेक्याविकला पुन्हा सुरू झाली. आणि १७ जून १९४४ रोजी स्वतंत्र प्रजासत्ताकाची घोषणा करायची वेळ आली, तेव्हा भर पावसात लोक याच दरीत जमले. त्यांना दुसरा राजवाडा नव्हता.

परत फिरताना मी चालकाला म्हटले, "तो फलक लावला नसता, तर पाहुण्यांना कळलेही नसते."

"पण आम्हाला कळले असते ना," तो म्हणाला.

पत्नीने डोहाकडे वळून हात जोडले. मीही जोडले. मग आम्ही दोघे ध्वजस्तंभाकडे पाहत उभे राहिलो. रात्रीचे नऊ वाजले होते आणि तेथल्या उन्हाळ्यातले ऊन अजून दरीत रेंगाळत होते. किल्ला न पाहताच इतिहास पाहिला, याची खंत मला मुळीच वाटली नाही.