पाटाच्या कडेने

आमच्या भावकीतली निम्मी मंडळी आता पुण्यात असतात आणि त्यातली निम्मी सकाळी धावतात. (उरलेली, उद्यापासून धावायला जायचंय असं रोज रात्री सांगतात.) धावून झालं की घरच्या ग्रुपवर नकाशा येऊन पडतो. त्यावर रंगीत रेघ, खाली किलोमीटर आणि मिनिटं. एकाची रेघ बंडगार्डनपासून नदीच्या कडेने, एकीची सारसबागेभोवती गोल गोल, आणि आमच्या धाकट्या चुलतभावाची हिंगण्याकडून पर्वतीच्या दिशेने कालव्याला चिकटून. पिंपळवंडीत बसून या रेघा बघता बघता एक गोष्ट डोक्यात घोळायला लागली. यातली एकही वाट धावण्यासाठी केलेली नाही. या तिन्ही वाटा पाण्याने तयार झाल्या आहेत.

बंडगार्डनचं तर नावातच आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या पैशातून मुळा-मुठेवर १८५० च्या सुमारास बंधारा झाला, तो पुण्याला पाणी मिळावं म्हणून. बाग नंतर आली. सारसबागेचं उलटं झालं. तिथे आधी तळं होतं, नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी केलेलं, आणि मधल्या बेटावर गणपती. तळं गेलं, गणपती राहिला. जुनी माणसं अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात आणि खाली हिरवळ बघून नवीन माणूस बुचकळ्यात पडतो. म्हणजे आमची ताई ज्या भोवती फेऱ्या मारते ते खरं म्हणजे तळ्याचं पोट.

पण मला जास्त रस आहे तो कालव्यात, कारण तो आमच्या ओळखीचा प्रकार. खडकवासल्याचं धरण १८६९ ते १८७९ या दशकात बांधलं गेलं. फाइफ नावाच्या इंजिनियर साहेबाचं ते काम, म्हणून तलावालाही इंग्रजी अमदानीत 'लेक फाइफ' म्हणत. त्यातून दोन कालवे काढले. उजवा पुणे शहराच्या दक्षिणेकडून हडपसर करत दौंड-इंदापूरकडच्या दुष्काळी रानात गेला, डावा नदीच्या पलीकडून. शहर वाढत गेलं तसा डावा कालवा बुजत गेला, आणि कर्वेनगरात आता 'कॅनॉल रोड' एवढं नाव तेवढं उरलंय. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनासुद्धा कॅनॉल कुठे आहे असं विचारलं तर सांगता येत नाही.

कालव्याच्या कडेला रस्ता असतोच. पाणी सोडलं की कुठे फुटतंय, कुठे कुणी चोरून पाइप टाकलाय हे बघायला चौकीदाराला जावं लागतं, गाळ काढायचा तर गाडी न्यावी लागते. आणि हा रस्ता धावायला इतका बरा का, याचंही कारण पाण्यातच आहे. कालव्याला उतार अगदी नावापुरता ठेवतात, किलोमीटरला हातभरसुद्धा नसेल. जास्त उतार दिला तर पाणी काठ खातं, आणि शिवाय पाणी जितकं उंचावर टिकेल तितकी जास्त जमीन खाली भिजते. त्यामुळे कालवा टेकडीच्या कडेकडेने, वळणं घेत, एकाच पातळीवर चालतो. पुण्यासारख्या चढउताराच्या गावात एवढी सपाट, मऊ मातीची, सिग्नल नसलेली वाट दुसरी मिळणार कुठून? धावणाऱ्यांना सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या इंजिनियरने फुकटात आखून दिली. अर्थात पाणी ते पाणीच. २७ सप्टेंबर २०१८ ला याच उजव्या कालव्याची भिंत जनता वसाहतीजवळ फुटली आणि भरदिवसा दांडेकर पुलाच्या वस्तीत पाणी शिरलं. तेव्हा खूप जणांना पहिल्यांदा कळलं की आपण ज्याला जॉगिंगचा रस्ता समजत होतो तो कालवा आहे.

हल्ली मात्र मुद्दाम चालण्या-धावण्यासाठी म्हणून नदीकाठ बांधला जातोय. मार्च २०२२ मध्ये भूमिपूजन झालं, एकूण ४४ किलोमीटर नदी त्यात धरली आहे. त्यासाठी काठावरची झाडं जायला नकोत म्हणून २०२३ मध्ये पुणेकर रस्त्यावरही उतरले. माझं मत विचाराल तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटल्यावर मुठेचं पाणी कुठवर आलं होतं, हे ज्या शहराने पाहिलंय त्याने नदीच्या अंगावर बांधकाम करताना दहादा विचार करावा. असो, तो वेगळा विषय.

आता थोडं धावणाऱ्यांबद्दल. पुण्यात शर्यती सुरू झाल्या त्याही नदीकाठच्याच डेक्कन जिमखान्यावर. जिमखाना १९०६ चा, आणि सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष. १९१९ च्या सुमारास त्यांनी तिथले सामने पाहिले. पुढे १९२९ मध्ये ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी ती हकीकत सांगितली आहे. धावणारे बहुतेक शेतकऱ्यांची पोरं होती, शेतात राबणारी, साधं खाणारी. नियम माहीत नाहीत, शिकवायला कुणी नाही. मैदान इतकं लहान की शंभर यार्डांची शर्यत वळणावरून घ्यायचं चाललं होतं, तीही प्रत्येकाला वेगळी दोरी न आखता! पण लोकांचा खरा जीव होता शेवटच्या लांब शर्यतीत. पंचवीसेक मैल, खडीच्या कडक रस्त्यावरून, अनवाणी. पहिल्या तीन-चार जणांची वेळ पाहून दोराबजी चकित झाले, कारण युरोपातल्या धावपटूंशी ती जुळत होती. त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला संघ गेला. बेळगावचा फडेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावला आणि एकोणिसावा आला. वेळ दोन तास पन्नास मिनिटं. ती शर्यत बेचाळीस किलोमीटरहून थोडी मोठीच होती. आमच्या ग्रुपवरच्या नकाशेवाल्यांनी ही वेळ एकदा शांतपणे वाचावी.

या पोरांना धावायला बाग लागली नाही. जो रस्ता होता त्यावर धावले.

आणि इथे मी आमच्या गावाकडे येतो. जुन्नर तालुक्याचं चित्र कुकडी प्रकल्पाने बदललं. माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगा, येडगाव आणि आंबेगावातलं डिंभे, अशी पाच धरणं. येडगाव तर आमच्या शेजारचं. तिथून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत पार करमाळ्यापर्यंत जातो. त्याच्या आणि चाऱ्यांच्या कडेने तसेच रस्ते आहेत, तसेच सपाट, तसेच मऊ. पुण्यात त्यावरून लोक वजन कमी करायला धावतात, आमच्याकडे पोरं भरतीसाठी धावतात. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर. मुलाने पाच मिनिटं दहा सेकंदात संपवलं तर वीसपैकी वीस गुण, पुढे वेळ वाढेल तशी टप्प्याटप्प्याने घसरण. २०२४ च्या भरतीला सतरा हजारांवर जागा आणि सतरा लाखांवर अर्ज होते. तेव्हा दोन गुण म्हणजे काय, ते त्या पोराच्या आईला विचारा.

ही पोरं धावायची पहाटे साडेचार-पाचला. कारण सहाला धारा, मग डेअरी, मग कॉलेज नाहीतर टोमॅटोची तोडणी.

'धावायची' असं लिहिलं ते मुद्दाम. कालव्याने पाणी आणलं, पाण्याने ऊस आणला आणि उसात बिबट्या राहायला आला. पूर्वी तो घाटाकडच्या रानातला, आता त्याच्या तीन-चार पिढ्या उसातच जन्मल्या. ऊसतोड सुरू झाली की फडात बछडी सापडतात, दरवर्षी. २००१ ते २००३ या काळात जुन्नर विभागात शंभराहून अधिक बिबटे पकडले, त्यातले बरेच दुसरीकडे सोडले, आणि विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की त्याने माणसांवरचे हल्ले कमी न होता वाढले. माणिकडोहचं निवारा केंद्र त्याच काळातलं. पण हे सगळं आकड्यात सांगणं सोपं आहे. मे २०२४ मध्ये आमच्या शेजारच्या काळवाडीत आठ वर्षांचं पोर गेलं. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड परिसरात तीन आठवड्यांत तीन माणसं गेली. लोक गळ्यात काटेरी पट्टे घालून शेतात जायला लागले. अशा गावात पहाटे अंधारात, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये कालव्याचा एकट रस्ता, तिथे कोण आपलं पोर पाठवील?

मुलींचं तर अगोदरच अवघड होतं. त्यातल्या काही जणी वडिलांना मोटारसायकल घेऊन मागे यायला लावत, दिवा पाडायला. तेही आता बंद झालं.

सध्या पोरं उजाडल्यावर शाळेच्या मैदानात धावतात. मैदानावर फक्कीने आखलेला ट्रॅक जेमतेम दोनशे मीटरचा बसतो. म्हणजे सोळाशेला आठ फेऱ्या आणि सोळा वळणं. चारशेच्या ट्रॅकवर आठच वळणं येतात. प्रत्येक वळणाला थोडा वेग मोडतो, त्यामुळे सरावाची वेळ आणि भरतीची वेळ यांचा मेळ लागत नाही. आमचा पुतण्या गेल्या महिन्यात पाच-एकवीसला आला. कॅनॉलवर धावत होता तेव्हा त्याची वेळ पाच-बारा होती.