पंचवीस लाख पावलांची बेरीज

ल्हासा हे शहर पृथ्वीवर नेमके कोठे आहे, हे १८६५ साली हिंदुस्थानच्या सर्वेक्षण खात्याला खात्रीने सांगता येत नव्हते. जुन्या नकाशांवर ते दाखवलेले असे, पण त्या स्थानाला मोजमापाचा भक्कम आधार नव्हता. हा प्रश्न सोडवला तो कुमाऊँमधील मिलम गावच्या एका शाळामास्तराने. त्याचे नाव नैनसिंग रावत. त्यांच्या धाडसाच्या आणि वेषांतराच्या कथा मराठीतही थोड्याफार आल्या आहेत. त्यांच्या पावलांचे पुढे गणित कसे झाले, याबद्दल मात्र फारसे लिहिले जात नाही. या लेखाचा विषय ते गणित हाच आहे.

हिंदुस्थानची मोठी मोजणी त्रिकोणांच्या साखळीने चालली होती. विल्यम लॅम्टन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली आधाररेषा मोजली आणि ती साखळी उत्तरेकडे आणली. हे काम चालू असतानाच २० जानेवारी १८२३ रोजी ते आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारले. त्यांची कबर तेथेच आहे. या पद्धतीत एक बाजू प्रत्यक्ष मोजायची आणि पुढे फक्त कोन मोजत जायचे. मात्र त्यासाठी एका उंच जागेवरून दुसरी दिसावी लागते, आणि भलाथोरला थिओडोलाइट उघडपणे मांडावा लागतो. तिबेटची सरहद्द परक्यांना बंद होती. तेथे दुर्बीण लावणे म्हणजे पकडले जाणे.

मग उरली दुसरी रीत. एका दिशेने किती चाललो ते मोजायचे, वळण आले की नवी दिशा टिपायची आणि पुन्हा मोजायचे. अंतर आणि दिशा मिळून जे होते त्याला आजच्या पाठ्यपुस्तकात विस्थापन म्हणतात. विस्थापनांची बेरीज साध्या अंकांसारखी होत नाही. पाच मैल अधिक पाच मैल म्हणजे दरवेळी दहा मैल नव्हेत.

एक सोपे उदाहरण आलेख-कागदावर करून पाहू. उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने कोन मोजायचा. पहिला टप्पा ६० अंशांच्या दिशेने पाच मैल. त्याचे दोन भाग पाडायचे: उत्तरेकडचा भाग ५ गुणिले कोज्या ६०, म्हणजे २.५ मैल, पूर्वेकडचा ५ गुणिले ज्या ६०, म्हणजे ४.३३ मैल. दुसरा टप्पा १२० अंशांच्या दिशेने पुन्हा पाच मैल. आता पूर्वेकडे आणखी ४.३३, पण दक्षिणेकडे २.५. तिसरा टप्पा सरळ दक्षिणेला चार मैल. उत्तर-दक्षिण भागांची वेगळी बेरीज केली तर दक्षिणेकडे ४ मैल उरतात, पूर्वेकडे ८.६६. या दोहोंच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ ९.५४. माणूस चालला चौदा मैल, पण निघाल्या जागेपासून सरळ रेषेत गेला साडेनऊ मैल, पूर्वेपासून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे. टप्पे तीन असोत की तीन हजार, रीत हीच.

नैनसिंग आणि त्यांचे चुलतभाऊ मानीसिंग यांची निवड १८६३ मध्ये झाली आणि कॅप्टन माँटगोमेरी यांच्या योजनेप्रमाणे त्यांना शिकवून तयार करण्यात आले. चढ असो वा उतार, पाऊल एकसारखे पडले पाहिजे, हा त्यातला मुख्य धडा. हातात बौद्ध यात्रेकरूची जपमाळ. पण १०८ मण्यांऐवजी १०० मण्यांची. शंभर पावले झाली की एक मणी ओढायचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे साधारण पाच मैल. प्रार्थनाचक्रात मंत्रांच्या जागी नोंदींच्या चिठ्ठ्या. पेटीच्या चोरकप्प्यात सेक्स्टंट. अक्षांश काढताना क्षितिजाऐवजी पाऱ्याचा पृष्ठभाग वापरायचा, आणि तो पारा कवड्यांत लपवलेला.

मानीसिंग या वाटेवरून मागे फिरले. नैनसिंग काठमांडूहून निघून त्रादोम, शिगात्से, ग्यान्त्से असे जात १० जानेवारी १८६६ रोजी ल्हासाला पोहोचले. एप्रिलमध्ये तेथून निघाले आणि त्सांगपो नदीच्या खोऱ्यातून पश्चिमेला मानसरोवरापर्यंत आले. एकूण वाट सुमारे १,२०० मैल. पावले पंचवीस लाखांच्या घरात.

आता खरी अडचण पाहू. ताऱ्यांच्या आणि सूर्याच्या उंचीवरून अक्षांश कळतो, म्हणजे उत्तर-दक्षिण बेरीज आकाशाशी ताडून पाहता येते. ल्हासाचा अक्षांश त्यांनी अनेक निरीक्षणांतून काढला. तो २९ अंश ३९ मिनिटांच्या किंचित वर आला. आजचा नकाशाही तेच सांगतो. रेखांशाला असा सोपा ताळा नाही. त्यासाठी दूरच्या ठिकाणची अचूक वेळ हाताशी हवी, आणि तिबेटात तारायंत्र नव्हते. नेमकी हीच वाट बहुतांश पूर्व-पश्चिम जाते. ज्या दिशेने सर्वांत जास्त चालायचे, त्याच दिशेला आकाशाची साक्ष नव्हती.

याचा परिणाम बारकाईने पाहण्याजोगा आहे. मानसरोवर आणि ल्हासा यांच्यातले पूर्व-पश्चिम अंतर पावणेसहाशे मैलांच्या आसपास आहे. होकायंत्राच्या वाचनात सतत एक अंशाची चूक राहिली, तर एवढ्या अंतरात माणूस दहा मैल बाजूला सरकतो. पण तो सरकतो उत्तरेला किंवा दक्षिणेला, आणि ती चूक अक्षांशात पकडली जाते. पावलाची लांबी चुकली तर मात्र चूक जाते थेट रेखांशात. अनेक पुस्तकांत नैनसिंग यांचे पाऊल ३३ इंचांचे होते आणि मैलाला दोन हजार पावले भरत, अशी दोन्ही विधाने शेजारी शेजारी छापलेली असतात. गुणाकार करून पाहावा. ३३ गुणिले २,००० म्हणजे ६६,००० इंच. मैल तर ६३,३६० इंचांचा. तफावत चार टक्क्यांची. पावणेसहाशे मैलांत ती तेवीस मैल होते, आणि त्या अक्षांशावर रेखांशाचे एक मिनिट जवळपास एका मैलाचे असते. पाऊल साडेएकतीस इंचांचे धरले तरच हिशेब जुळतो. दीड इंचाच्या फरकाने एक शहर वीस मैलांहून अधिक सरकते.

या चुकीवर उपाय दोन. वाट जेथे उत्तर-दक्षिण वळते, तेथे पावलांनी आलेले अंतर अक्षांशांतील फरकाशी ताडून पावलाची लांबी ठरवता येते. दुसरा उपाय म्हणजे बेरजेची दोन्ही टोके ज्ञात स्थानांना बांधणे. एका टोकाला काठमांडू होते. दुसऱ्या टोकाला मानसरोवर, जेथे १८४६ आणि १८४८ मध्ये स्ट्रॅची बंधू जाऊन आले होते. बेरीज शेवटी जेवढी हुकते, तेवढी तूट टप्प्यांच्या लांबीच्या प्रमाणात सर्वांवर वाटून टाकायची. तूट वाटण्याची ही रीत अमेरिकेच्या नॅथॅनिएल बाउडिच यांनी १८०८ मध्ये मांडली होती आणि आजही मोजणीदार ती वापरतात.

तिसरा ताळा नैनसिंग यांनी पुन्हा चालूनच दिला. १८७४ मध्ये ते लेहहून निघून अगदी वेगळ्या, उत्तरेकडच्या वाटेने ल्हासाला गेले. टप्पे निराळे, दिशा निराळ्या. तरी सगळ्यांची बेरीज त्याच एका बिंदूवर यायला हवी. पुढे १८७८ ते १८८२ या काळात त्यांचे भाऊबंद किशनसिंग तिबेटात फिरले. लुटारूंच्या भीतीने त्यांना काही काळ घोड्यावर बसावे लागले, तेव्हा त्यांनी घोड्याच्या उजव्या पुढच्या पायाची पावले मोजली, पण बेरीज खंडित होऊ दिली नाही. १९०४ मध्ये ब्रिटिश फौजेबरोबर सर्वेक्षक उघडपणे ल्हासात शिरेपर्यंत त्या शहराचे रेखांशातले स्थान मुख्यतः अशाच पावलांवर उभे होते.

लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीपुढे १८६८ मध्ये हे काम माँटगोमेरी यांच्या नावे मांडले गेले. चालणाऱ्याचा उल्लेख ‘पंडित’ एवढाच होता. त्याच्या सुरक्षिततेसाठी ते तेव्हा आवश्यकही होते. नाव घेऊन सुवर्णपदक मिळाले १८७७ मध्ये. तोपर्यंत त्यांची प्रकृती ढासळली होती आणि प्रवास संपले होते.

विस्थापनांच्या बेरजेचा गुणच असा की ती वाट विसरते. कोणता घाट चढला, कोठे बर्फ लागले, कोठे चौकीवर झडती झाली, यातले काही उत्तरात येत नाही. उत्तरात येतात दोन आकडे: इतके उत्तरेला, इतके पूर्वेला. नकाशाला तेवढे पुरते. इतिहास लिहिणाऱ्याने मात्र टप्पेही जपून ठेवायला हवेत, कारण त्यांतला एक मणी कमी ओढला असता, तर पुढची सगळी ठिकाणे तेवढी सरकली असती.