मुलगा-मुलगी : खरा फरक किती, भेदभाव किती?

दहावी-बारावीचे निकाल लागले की बऱ्याच घरांत तीच वाक्यं ऐकू येतात. "मुलींना गणित झेपत नाही." "एवढ्या लांबच्या कॉलेजात तिला कशाला पाठवायचं?" "शिकून शेवटी घरच सांभाळायचं आहे ना!" घरातल्या अम्मीने थकवा येतो, दम लागतो असं सांगितलं, तर "वय झालं, होतंच असं" म्हणून विषय संपतो. या प्रत्येक वाक्यात एक दावा लपलेला असतो. स्त्री आणि पुरुषात अमुक फरक आहे, म्हणून हा निर्णय बरोबर आहे, असा तो दावा.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत संशोधकांनी असे अनेक दावे तपासून पाहिले. त्यातले सेहत, तालीम आणि रोजगार या तीन बाबतींतले महत्त्वाचे निष्कर्ष इथे एकत्र दिले आहेत. घरात मुलीचा, बहिणीचा किंवा अम्मीचा निर्णय घेण्याची वेळ आली की ते उपयोगी पडावेत.

फरक आणि पूर्वग्रह

आधी दोन शब्द वेगळे करून घेऊ. फरक म्हणजे जो मोजता येतो, शरीरात किंवा परिस्थितीत खरोखर असतो तो. पूर्वग्रह म्हणजे न मोजताच मनात धरलेलं मत. चुका दोन्ही बाजूंनी होतात. फरक असूनही तो नाही असं धरून चालणं ही एक चूक. फरक नसताना तो आहे असं मानणं ही दुसरी. आरोग्याच्या क्षेत्रात पहिली चूक बरीच झाली, शिक्षण आणि नोकरीत दुसरी.

पूर्वग्रह कोणी कबूल करत नाही, मग तो मोजायचा कसा? त्याच्या तीन पद्धती आहेत. एकच अर्ज दोन वेगळ्या नावांनी पाठवायचा आणि उत्तरं मोजायची. एकाच विद्यार्थ्याचे नाव दिसत असतानाचे आणि नाव झाकलेलं असतानाचे गुण ताडून पाहायचे. किंवा लोकसंख्येच्या मानाने जितक्या बाया एखाद्या ठिकाणी दिसायला हव्यात, तितक्या दिसतात का ते बघायचं.

सेहत : औषध पुरुषावर तपासलं, दिलं सगळ्यांना

अमेरिकेत १९७७ मध्ये औषध प्रशासनाने एक सूचना काढली. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवावं, अशी ती सूचना होती. पोटातल्या बाळाला अपाय होऊ नये हा हेतू. परिणाम मात्र असा झाला की औषधाचा डोस ठरायचा पुरुषांच्या शरीरावरून आणि गोळी मिळायची दोघांना. १९९३ मध्ये तिथे कायदा झाला आणि सरकारी पैशातून होणाऱ्या वैद्यकीय चाचण्यांत स्त्रियांचा समावेश सक्तीचा झाला.

याची किंमत काय असते ते झोल्पिडेम या झोपेच्या गोळीवरून कळतं. ही गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये मंजूर झाली होती. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, त्यामुळे सकाळी गाडी चालवतानाही तिचा अंमल राहू शकतो. हे लक्षात घेऊन स्त्रियांसाठीचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणला गेला तो थेट २०१३ मध्ये.

दुसरं उदाहरण हृदयविकाराचं. हार्ट अटॅक म्हटलं की छाती धरून कोसळणारा पुरुष डोळ्यांसमोर येतो. छातीत दुखणं हे स्त्रियांमध्येही सर्वांत जास्त आढळणारं लक्षण आहे. पण त्यांच्यात धाप लागणं, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, कमालीचा थकवा ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. मग ते पित्त किंवा टेन्शन समजलं जातं आणि वेळ जातो. १९९१ मध्ये डॉ. बर्नाडीन हीली यांनी एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात या दुर्लक्षावर बोट ठेवलं होतं.

आता आपल्या देशात येऊ. दिल्लीच्या 'एम्स' रुग्णालयातल्या २०१६ सालच्या तेवीस लाखांहून अधिक बाह्यरुग्ण भेटींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. स्त्रीरोग आणि प्रसूती विभाग त्यातून वगळला होता. उरलेल्या भेटींपैकी स्त्रियांच्या भेटी फक्त ३७ टक्के निघाल्या. लहान मुली आणि वयस्क बाया यांच्या बाबतीत तफावत जास्त होती. घर रुग्णालयापासून जितकं दूर, तितकी ती वाढत गेली. आजार काही अंतर पाहून होत नाही. मुलाला घेऊन रात्रीची गाडी पकडली जाते आणि मुलीच्या वेळी "थोडं थांबून बघू" म्हटलं जातं, हाच याचा सरळ अर्थ.

कधीकधी फरक आणि भेदभाव एकमेकांत मिसळलेले असतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आहे, पुरुषांमध्ये हे प्रमाण २५ टक्के. पाळी आणि बाळंतपण यामुळे स्त्रीला लोह जास्त लागतं, हा शरीराचा फरक झाला. पण ज्याला लोह जास्त लागतं तिच्याच ताटात सालनाचा उरलासुरला रस्सा येत असेल, तर तो भाग शरीराचा नाही, घराच्या रिवाजाचा आहे.

तालीम : गणित मुलींना खरंच जमत नाही का?

मानसशास्त्रज्ञ जॅनेट हाइड यांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरच्या ४६ मोठ्या संकलित अभ्यासांचा आढावा घेतला. तपासलेल्या फरकांपैकी ७८ टक्के एकतर नगण्य किंवा अगदी लहान निघाले. चेंडू लांब फेकण्यासारख्या शारीरिक ताकदीच्या गोष्टींत फरक मोठा होता. बुद्धीच्या बाबतीत स्त्री-पुरुष वेगळे असण्यापेक्षा सारखेच जास्त, असा एकूण निष्कर्ष होता.

मग न्यूनगंड येतो कुठून? २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात लहान मुलांना "खूप खूप हुशार" माणसाची गोष्ट सांगून, ती व्यक्ती कोण असेल हे चित्रांतून ओळखायला सांगितलं. पाच वर्षांच्या मुली मुलांइतक्याच प्रमाणात स्वतःच्या बाजूचं चित्र निवडत होत्या. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण कमी झालं. म्हणजे पहिली-दुसरीतच मुलीला कुठून तरी कळलेलं असतं की अतिहुशारी हे पुरुषांचं काम.

आम्हा शिक्षकांनाही यात सूट नाही. इस्रायलमध्ये व्हिक्टर लावी आणि एडिथ सँड यांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांचे दोन प्रकारचे गुण ताडून पाहिले, वर्गशिक्षकांनी दिलेले आणि नाव न पाहता बाहेरच्या परीक्षकांनी दिलेले. गणितात काही शिक्षकांचा कल मुलग्यांकडे झुकलेला दिसला. अशा शिक्षकांच्या हाताखालच्या मुली पुढच्या वर्गांत गणितात मागे पडल्या आणि वरच्या पातळीचं गणित घेणाऱ्या मुलीही कमी झाल्या. मात्र झुकाव नेहमी एकाच बाजूला असतो असं नाही. लावी यांच्याच २००८ च्या अभ्यासात शालान्त परीक्षेच्या वयात शाळेतले गुण मुलग्यांच्या विरोधात गेलेले दिसले होते. आपल्याकडे बोर्डाच्या उत्तरपत्रिकेवर बारकोड लावून ओळख झाकतात, त्यामागचं कारण हेच.

ओळख झाकल्यावर आपल्या मुली कुठे आहेत? महाराष्ट्रात २०२४ च्या दहावीच्या परीक्षेत ९७.२१ टक्के मुली पास झाल्या, मुलगे ९४.५६ टक्के. बारावीतही मुलीच पुढे होत्या. तेव्हा "मुलींना झेपत नाही" हे वाक्य निकालपत्रकाशी जुळत नाही.

मुस्लिम मुलींबद्दल आणखी एक समज पसरलेला आहे, की मजहबामुळेच त्या मागे राहतात. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात २००१ च्या जनगणनेचे आकडे आहेत. मुस्लिम स्त्रियांची साक्षरता ५०.१ टक्के होती आणि देशातल्या एकूण स्त्रियांची ५३.७ टक्के. मागासलेपण होतं, पण तफावत समजली जाते तेवढी प्रचंड नव्हती. धार्मिक कट्टरपणा हे शिक्षण न घेण्याचं मुख्य कारण आहे ही समजूत समितीने चुकीची ठरवली. गरिबी, जवळ शाळा नसणं, शिकून नोकरी मिळेल याची खात्री नसणं, ही कारणं जास्त ठोस होती. जोया हसन आणि ऋतू मेनन यांच्या देशव्यापी पाहणीतही आर्थिक तंगीचा मुद्दा ठळकपणे पुढे आला होता. कारण चुकीचं धरलं की इलाजही चुकतो, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

रोजगार : नाव बदललं की उत्तर बदलतं

२०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२७ विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या जागेसाठी एक अर्ज दाखवला गेला. मजकूर तोच, फक्त काहींच्या हातातल्या अर्जावर 'जॉन' हे नाव होतं आणि काहींच्या हातातल्या अर्जावर 'जेनिफर'. जॉन जास्त लायक वाटला आणि त्याला वर्षाला सरासरी ३०,२३८ डॉलर पगार सुचवला गेला. जेनिफरला २६,५०८. महिला प्राध्यापकांनीही तसाच भेद केला. पूर्वग्रह फक्त पुरुषांच्या डोक्यात असतो असं नाही.

आपल्या देशात लेड बाय फाउंडेशनने २०२२ मध्ये अशाच पद्धतीचा अहवाल प्रसिद्ध केला. सारख्याच शिक्षणाचे आणि अनुभवाचे अर्ज 'हबीबा अली' आणि 'प्रियांका शर्मा' या नावांनी एक हजार नोकऱ्यांसाठी पाठवले. प्रियांकाला २०८ ठिकाणांहून होकारार्थी उत्तर आलं, हबीबाला १०३. हा आकडा वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दोन्ही नावं स्त्रियांचीच आहेत, म्हणून यातून दिसतो तो धर्माच्या ओळखीवरचा भेद, स्त्री-पुरुष भेद नव्हे. मुस्लिम मुलीला दोन्ही भिंती ओलांडायच्या असतात. एक स्त्री म्हणून, दुसरी नावामुळे.

तिसरी भिंत घरातच आहे. सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. पुरुषांमध्ये मुळात २६ टक्केच घरकामाला हात लावत होते आणि जे लावत होते त्यांची सरासरी ९७ मिनिटं. पाच तास घरात गेल्यावर बाहेरच्या कामाला उरतं काय? २०२३-२४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी ४१.७ टक्के कमावण्याच्या कामात किंवा कामाच्या शोधात होत्या, पुरुषांमध्ये ७८.८ टक्के. २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी श्रीमंत देशांबद्दलही हेच दाखवलं. एकाच पेशातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईत आज जो फरक राहिला आहे, तो बराचसा पहिलं मूल झाल्यावर सुरू होतो.

बदल कशाने होतो?

उपदेशाने फारसं होत नाही. सोय केली की होतं. बिहार सरकारने नववीच्या मुलींना सायकली दिल्या. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासानुसार माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण त्यामुळे ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी तफावत ४० टक्क्यांनी घटली. जिथे हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं, तिथे फायदा सर्वांत जास्त. अडचण अंतराची होती, मुलीच्या डोक्याची नाही.

पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात काही पंचायतींचं सरपंचपद आरक्षणाने बायांकडे आलं होतं. त्या गावांत किशोरवयीन मुली शिक्षणात मुलग्यांच्या बरोबरीला आल्या आणि त्यांच्या वाट्याचं घरकामही कमी झालं. डोळ्यांसमोर नमुना असला की पालकांच्या अपेक्षा बदलतात.

हरियाणातल्या ३१४ शाळांवर एक प्रयोग झाला. त्यातल्या निवडक शाळांत सातवीपासून अडीच वर्षं मुला-मुलींशी वर्गात या विषयावर नियमित चर्चा केली गेली. मतं बदललीच, मुलगे घरकामात थोडाफार हातही लावू लागले. म्हणून ही चर्चा फक्त मुलींच्या वर्गात करून भागत नाही.

आपल्या घरात काय करता येईल?

• अम्मी, खाला, आजी यांना अचानक धाप, जबडा-पाठदुखी, घाम, मळमळ जाणवली तर घरगुती इलाज करत बसू नका. १०८ ला फोन करा किंवा थेट दवाखान्यात नेऊन ईसीजी काढा.

• मुलीचं हिमोग्लोबिन तपासून घ्या. जेवताना तिचा आणि तिच्या आईचा वाटा आधी काढा.

• दहावीनंतरचा निर्णय गुण आणि आवड पाहून घ्या. मुलाच्या बाबतीत हाच प्रश्न आपण विचारला असता का, एवढं एकदा स्वतःला विचारा.

• अंतर ही अडचण असेल तर शाळेत विचारा. ग्रामीण भागात बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो.

• २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. आपल्या अनेक बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. कागदपत्रं निकालाची वाट न पाहता आधीच तयार ठेवा.

• परीक्षेच्या दिवसांत भावाला जेवढा वेळ अभ्यासाला मिळतो, तेवढाच बहिणीला मिळतो का, हे घड्याळ लावून एक आठवडा बघा. वहीत लिहून ठेवा.

नोकरी देणाऱ्याचं मन बदलायला वेळ लागेल, त्यासाठी कायदा आणि दबाव दोन्ही लागतील. पण ताटातला वाटा, दवाखान्याची वेळ आणि अभ्यासाचा तास या तीन गोष्टी घरातल्या मोठ्यांच्या हातात आहेत. त्यांच्यासाठी कुठल्या अर्जाची किंवा मंजुरीची गरज नाही.