सीए-१२५

सीए-१२५ : अंडाशयाच्या कर्करोगात रक्तात वाढणारे शर्करायुक्त प्रथिन. अमेरिकेतील रॉबर्ट बास्ट व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये त्याला चिकटणारे प्रतिपिंड शोधले. १९८३ मध्ये त्यावर आधारित रक्तचाचणी आली.

एका मिलिलिटर रक्तद्रवात ३५ एककांपर्यंतचे प्रमाण सर्वसाधारण मानतात. रोग पसरलेल्या सुमारे ८० टक्के रुग्णांत ते वाढलेले आढळते, पहिल्या टप्प्यात मात्र जेमतेम निम्म्या स्त्रियांत. शिवाय मासिक पाळी, गर्भारपण, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा क्षयरोग यांतही आकडा चढतो. म्हणून एकट्या अहवालावरून निदान होत नाही.

या प्रथिनाचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर होतो. समजा, आधी ८०० असलेला आकडा केमोथेरपीच्या तीन फेऱ्यांत ३० वर आला, तर ते आशादायक लक्षण असते. तो संथ उतरला किंवा अडून राहिला, तर औषधांना प्रतिसाद कमी असल्याची शंका येते. रोग उलटताना तो अनेकदा लक्षणांच्या काही महिने आधीच वाढू लागतो.

ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले. लक्षणे नसताना केलेल्या सरसकट तपासणीने मृत्यू घटले नाहीत. पोट सतत फुगत असेल किंवा दोन घासांतच भरत असेल, तर मात्र स्त्रीने डॉक्टरांना लगेच दाखवावे.