निश्चल चित्रपटाचे संग्राहक

पुष्कळांनीं वाखाणलेल्या वस्तूपेक्षां थोड्यांनींच पाहिलेली वस्तु संग्राहकास अधिक प्रिय असते. परंतु ज्या चित्रपटांत कथा नाहीं, नट नाहीं, संगीत नाहीं, तो कोणी कशासाठीं जपावा? न्यूयॉर्क शहराच्या इतिहासांत या प्रश्नाचें उत्तर सांपडतें.

२५ जुलै १९६४ रोजीं सायंकाळीं अँडी वॉरहॉल या चित्रकारानें टाइम-लाइफ इमारतींतून एम्पायर स्टेट बिल्डिंगवर कॅमेरा रोखला. कॅमेऱ्यापाशीं जोनास मेकस हा लिथुएनियांतून आलेला निर्वासित होता. मध्यरात्र उलटून गेली तरी कॅमेऱ्याची दृष्टि ढळली नाहीं. ‘एम्पायर’ नांवाचा हा मूकपट संथ गतीनें दाखविला असतां आठ तासांहून अधिक चालतो. सूर्य मावळतो, इमारतीवर दिवे लागतात, कित्येक तासांनीं ते विझतात. याहून अधिक कांहीं घडत नाहीं.

कांहीं घडत नाहीं, म्हणूनच पाहणाराची नजर सूक्ष्म होते. फितीवरील कणांची थरथर जाणवूं लागते. कांहीं रिळांच्या आरंभीं कांचेंत चित्रकर्त्यांचें प्रतिबिंब क्षणभर चमकून जातें. एरवीं कथेआड लपणारी फीतच येथें प्रेक्षणीय ठरते. नाण्याच्या झिजेवर लुब्ध होणाऱ्या माणसास यांतील मर्म सहज उमगेल.

असल्या चित्रपटांस व्यापारी चित्रगृहांत थारा मिळणें कठीण. म्हणून मेकस व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९६२ मध्यें कोणाचाही चित्रपट न नाकारणारी सहकारी संस्था काढली, व १९७० मध्यें ‘अँथॉलॉजी फिल्म अर्काइव्हज’ हा संग्रह उघडला. तेथील पहिलें प्रेक्षागृह ऑस्ट्रियाच्या पीटर कुबेल्का यानें योजिलें होतें. सर्वत्र काळा रंग, आणि शेजारी दिसूं नये म्हणून आसनांमध्यें आडोसे! कुबेल्काच्या १९६० मधील ‘आर्नुल्फ रायनर’ या चित्रपटांत तर काळ्या व पांढऱ्या चौकटी, ध्वनि आणि शांतता, एवढेंच आहे.

पुढें वॉरहॉलनें आपले चित्रपट प्रदर्शनांतून काढून घेतले; अनेक वर्षें त्यांची केवळ कीर्ति कानीं पडे. १९८० नंतरच्या दशकांत आधुनिक कला संग्रहालयानें त्यांचें जतन आरंभिलें. २००४ मध्यें ‘एम्पायर’ची अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत नोंद झाली.

लोकप्रिय चित्रपटाच्या प्रती गांवोगांव पसरलेल्या असतात. एक जळाली तरी दुसरी उरते. अप्रसिद्ध चित्रपटाचें सारें आयुष्य मात्र एखाद्या पत्र्याच्या डब्यांत सामावलेलें असतें. तो डबा कोरडा व थंड ठेवणारा माणूस जगास विक्षिप्त वाटतो. परंतु ज्या कलाकृतीस बाजारांत गिऱ्हाईक नाहीं, तिला त्याच्यावांचून दुसरा वाली कोण?